दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै १९०७ – २९ जून १९६६) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, इतिहासकार, नाणकशास्त्राचे अभ्यासक आणि संस्कृत ग्रंथांचे संपादक होते. मराठी वाचकाला त्यांचा परिचय प्रामुख्याने प्राचीन भारताच्या इतिहासाची मार्क्सवादी दृष्टीने नव्याने मांडणी करणारे लेखक म्हणून असतो. त्यांचा पेशा मात्र आयुष्यभर गणिताच्या अध्यापनाचा व संशोधनाचा होता. इ.स. १९४३ मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, त्यांनी यादृच्छिक फलनांविषयी एक प्रमेय प्रसिद्ध केले. ते आज कोसंबी–कार्हुनेन–लोएव्ह प्रमेय या नावाने ओळखले जाते. बिनतारी संदेशवहन, प्रतिमासंस्करण, संगणकीय विश्लेषण आणि द्रवगतिकी अशा अनेक क्षेत्रांत ते पायाभूत मानले जाते. या क्षेत्रांत डॉक्टरेटसाठी संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रमेयाची गरज पडू शकते. कोसंबींनी स्वतः मात्र डॉक्टरेटची पदवी कधीच घेतली नाही.

बालपण व कौटुंबिक पार्श्वभूमी

कोसंबींचा जन्म गोव्यातील कोसबेन येथे झाला. त्या वेळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषा व बौद्ध धर्म यांचे ख्यातनाम पंडित होते. बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास केलेल्या धर्मानंदांची विद्या शाळा-महाविद्यालयांच्या चौकटीबाहेर मिळवलेली होती. त्यांचे निवेदन हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध आहे. इ.स. १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. दामोदर यांना घरी आणि मित्रमंडळीत बाबा म्हणत.

हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमार्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम चालू होते. त्यासाठी धर्मानंद इ.स. १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेस निघाले, तेव्हा त्यांनी दामोदर व त्यांची थोरली बहीण माणिक यांना सोबत नेले. त्या वेळी दामोदर ११ वर्षांचे होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज गावात त्यांचे शालेय शिक्षण झाले. हार्वर्डमध्ये धर्मानंदांचे सहकारी असलेल्या लिओ वीनर यांचा मुलगा नॉर्बर्ट वीनर याच्याशी दामोदर यांची येथेच ओळख झाली. हेच नॉर्बर्ट वीनर पुढे संदेशवहन व नियंत्रण यांच्या गणिती सिद्धान्ताचे एक संस्थापक ठरले.

हार्वर्डमधील शिक्षण

शालेय परीक्षेतील गुणांमुळे कोसंबींना हार्वर्डची प्रवेश परीक्षा द्यावी लागली नाही. परंतु प्रवेशानंतर शिक्षण पुढे ढकलून ते भारतात परतले आणि काही काळ वडिलांसमवेत गुजरातेत राहिले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या गुजरात विद्यापीठात धर्मानंद त्या वेळी काम करत होते. इ.स. १९२६ च्या जानेवारीत दामोदर पुन्हा अमेरिकेस गेले.

हार्वर्डमध्ये त्यांना जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ हे नामांकित गणितज्ञ शिक्षक म्हणून लाभले. कोसंबींनी केवळ गणितावर लक्ष केंद्रित करावे असे बर्कहॉफ यांना वाटत होते. कोसंबींनी मात्र अनेक भाषांचे व इतर विषयांचे अभ्यासक्रम घेतले आणि त्या सर्वांत उत्तम गुण मिळवले. इ.स. १९२९ मध्ये त्यांना सर्वोच्च श्रेणीसह बी.ए. पदवी मिळाली आणि फाय बीटा काप्पा या मानाच्या विद्वत्संस्थेचे सदस्यत्वही मिळाले. त्याच वर्षी ते भारतात परतले. बी.ए. ही त्यांची शेवटची औपचारिक पदवी होय.

बनारस व अलीगढ

भारतात परतल्यावर कोसंबी बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे अध्यापक झाले. तेथे ते जर्मन भाषाही शिकवत. त्यांचा पहिला शोधनिबंध इ.स. १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. १९३१ मध्ये त्यांचा विवाह नलिनी मडगावकर यांच्याशी झाला. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून व पंडिता रमाबाईंवरील लेखनामुळे प्रसिद्ध झाल्या.

त्याच वर्षी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख असलेल्या आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने कोसंबींना आपल्या विभागात बोलावून घेतले. वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एक गमतीदार निबंध लिहिला. एका सहकाऱ्याची फिरकी घेण्यासाठी, डी. बूर्बाकी नावाच्या काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचे व्यापकीकरण केल्याचा त्यात आव आणला होता. काही वर्षांनी वेल व त्यांच्या फ्रेंच मित्रांनी निकोला बूर्बाकी या सामूहिक टोपणनावाने गणिताची विख्यात ग्रंथमाला लिहिली. गणितविषयक लेखनात बूर्बाकी हे नाव छापले जाण्याची पहिली वेळ कोसंबींच्या या निबंधाची मानली जाते.

या काळातील त्यांचे मुख्य काम अवकल भूमितीतील होते. इ.स. १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात मार्ग-अवकाशांवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याला जोडूनच एली कार्तां या ज्येष्ठ फ्रेंच भूमितिज्ञाचे त्यावरील विवेचन छापले गेले. इ.स. १९३९ मध्ये चिनी गणितज्ञ शिंग-शेन चर्न यांनी या विषयात भर घातली. त्यामुळे हा विषय कोसंबी–कार्तां–चर्न सिद्धान्त म्हणून ओळखला जातो.

पुण्यातील अध्यापन

वडिलांनी जेथे पाली शिकवली त्या फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबी इ.स. १९३३ च्या सुमारास गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि सुमारे १२ वर्षे तेथे राहिले. इ.स. १९३४ मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाचा रामानुजन स्मृती पुरस्कार मिळाला.

त्या काळी महाविद्यालयीन प्राध्यापकाचे मुख्य काम पदवीच्या वर्गांना शिकवणे हे होते. संशोधक विद्यार्थ्यांचा गट, मोठे ग्रंथालय, आकडेमोडीसाठी सहायक किंवा यंत्रे अशी साधने हाताशी नव्हती. कोसंबींचे लक्ष याच काळात शुद्ध भूमितीकडून संख्याशास्त्राकडे वळले, आणि त्यामागे एक प्रत्यक्ष प्रश्न होता.

नाण्यांचे वजन आणि संख्याशास्त्र

प्राचीन भारतातील आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेले चांदीचे तुकडे, हा इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा आहे. परंतु त्यांवर राजाचे नाव किंवा वर्ष नसते. त्यांचा कालक्रम कसा लावायचा, या प्रश्नाला कोसंबींनी तराजू व संख्याशास्त्र यांच्या साहाय्याने उत्तर शोधले. नाणे चलनात हातोहात फिरते तसे ते झिजते. एखादे नाणे अधिक झिजते, एखादे कमी. म्हणून जितका काळ नाणी चलनात राहतात तितके त्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांमधील फरक वाढतो. एकाच साठ्यातील वेगवेगळ्या गटांच्या नाण्यांची अचूक वजने घेतली, तर कोणता गट आधीचा व कोणता नंतरचा हे सांगता येते.

ही पद्धत तपासण्यासाठी त्यांनी स्वतःच्या काळातील चलनी नाणीही हजारोंच्या संख्येने तोलली, कारण त्यांवर पाडल्याचे वर्ष छापलेले असते आणि त्यामुळे झीज व काळ यांचा संबंध पडताळून पाहता येतो. तक्षशिला येथे सापडलेल्या साठ्यांवरील त्यांचे निबंध इ.स. १९४० नंतर प्रसिद्ध होऊ लागले. प्रत्येक नाण्याची झीज वेगळी आणि आगाऊ न सांगता येणारी असली, तरी असंख्य नाण्यांची मिळून झीज नियमाने चालते, हा विचार या कामाच्या मुळाशी आहे. यादृच्छिक गोष्टींमधील नियम शोधण्याची हीच दृष्टी त्यांच्या पुढील गणिती कामातही आढळते.

यादृच्छिक फलनांचे प्रमेय

इ.स. १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात कोसंबींचा फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावरील निबंध प्रसिद्ध झाला. संख्याशास्त्र तोपर्यंत मुख्यतः सुट्या आकड्यांचा विचार करत असे: माणसाची उंची, नाण्याचे वजन, शेतातील पीक. जी गोष्ट काळानुसार अखंड बदलत राहते, म्हणजे जिचे मोजमाप एक आकडा नसून एक संपूर्ण वक्ररेषा असते, तिचे संख्याशास्त्र कसे मांडायचे, हा या निबंधाचा विषय होता.

त्या काळच्या पुणे परिसरातील एका उदाहरणाने हा प्रश्न समजून घेता येतो. इ.स. १९२७ मध्ये भारत व इंग्लंड यांच्यात लघुलहरींची बीम बिनतारी तारसेवा सुरू झाली. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी तिचे उद्घाटन झाले. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकी येथे, तर ग्रहण केंद्र दौंड येथे होते. इ.स. १८१७ च्या लढाईमुळे इतिहासात नोंदली गेलेली आणि लष्करी छावणी म्हणून वाढलेली खडकी त्यामुळे जागतिक बिनतारी जाळ्यातील एक ठिकाण बनली. कोसंबी जेथे शिकवत होते ते महाविद्यालय तेथून काही किलोमीटरच दूर आहे. त्यांचे प्रमेय या केंद्रासाठी लिहिलेले नव्हते. परंतु त्या केंद्रावरून जाणारा संदेश हे प्रमेयाच्या विषयाचे नेमके उदाहरण आहे.

खडकीहून निघालेली लघुलहर वातावरणाच्या उंच थरातील आयनांबरावर परावर्तित होत हजारो किलोमीटर दूर पोहोचते. आयनांबर सतत बदलत असते आणि एकच लहर अनेक वाटांनी येऊन पोहोचते. या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना मारक ठरतात. त्यामुळे दूरच्या केंद्रावर संदेशाची तीव्रता कधी वाढते, कधी इतकी कमी होते की संदेश ऐकूच येत नाही. एका मिनिटाची तीव्रता कागदावर नोंदली, तर एक वेडीवाकडी रेषा मिळते. पुढच्या मिनिटाची रेषा वेगळीच असते. कोणती रेषा येणार हे आधी सांगता येत नाही. तरीही या रेषा पूर्णतः बेबंद नसतात: आत्ता तीव्रता जास्त असेल तर पुढच्याच क्षणी ती एकदम शून्यावर येण्याची शक्यता कमी असते. दोन क्षणांमधील तीव्रतांचा हा सरासरी संबंध अनेक नोंदींवरून मोजता येतो. संख्याशास्त्रात त्याला सहप्रचरण म्हणतात.

कोसंबींच्या निबंधाचे सार असे की, या एका संबंधावरूनच काही ठरावीक मूलभूत आकृत्या काढता येतात, आणि कोणतीही वेडीवाकडी रेषा या आकृत्यांची योग्य प्रमाणात बेरीज करून उभी करता येते. या मांडणीची तीन वैशिष्ट्ये आहेत. पहिले, आकृत्या परस्परलंबी असतात, म्हणजे एकीतील माहिती दुसरीत पुन्हा येत नाही. दुसरे, प्रत्येक आकृतीचे प्रमाण दाखवणारे आकडे यादृच्छिक असले तरी त्यांचा आपसात सहसंबंध नसतो. तिसरे, आकृत्या त्यांच्या महत्त्वानुसार क्रमाने लावता येतात, आणि बहुतेक वेळा पहिल्या थोड्या आकृत्यांतच रेषेतील बहुतांश चढउतार सामावतात. म्हणून अनंत बिंदूंची रेषा मोजक्या आकड्यांत साठवता किंवा पाठवता येते.

फूरिये यांच्या जुन्या पद्धतीतही वक्ररेषा सोप्या लहरींची बेरीज म्हणून मांडली जाते. परंतु तेथे लहरींचे आकार आधीच ठरलेले असतात. येथे आकृत्या त्या विशिष्ट प्रक्रियेच्या स्वभावातूनच निघतात, त्यामुळे दिलेल्या संख्येच्या आकृत्या वापरून होणारी सरासरी चूक सर्वांत कमी राहते. सुट्या आकड्यांच्या बाबतीत कार्ल पिअर्सन यांनी इ.स. १९०१ मध्ये आणि हॅरल्ड होटेलिंग यांनी इ.स. १९३३ मध्ये अशा स्वरूपाची पद्धत दिली होती. कोसंबींनी ती कल्पना अखंड फलनांच्या क्षेत्रात नेली.

श्रेयाचा प्रश्न

कोसंबींनंतर हाच निष्कर्ष दोन युरोपीय गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मांडला. फिनलंडचे कारी कार्हुनेन यांचे काम इ.स. १९४६–४७ मध्ये, तर फ्रान्समध्ये शिकलेले मिशेल लोएव्ह यांचे काम इ.स. १९४८ पर्यंत प्रसिद्ध झाले. कार्हुनेन यांचे संशोधन त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा भाग होते. लोएव्ह पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले आणि संभाव्यताशास्त्रावरील त्यांचे पाठ्यपुस्तक जगभर वापरले गेले. अभियंत्यांनी हे प्रमेय त्या पुस्तकातून उचलले, आणि ते कार्हुनेन–लोएव्ह या दोन नावांनीच रूढ झाले. कोसंबींचे नाव त्याला जोडण्याची प्रथा बरीच नंतर सुरू झाली. आजही अनेक पुस्तकांत ते आढळत नाही.

याची काही कारणे उघड आहेत. निबंध दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यास, भारतीय नियतकालिकात छापला गेला. त्या काळात परदेशी ग्रंथालयांत अशी नियतकालिके नियमित पोहोचत नव्हती. कार्हुनेन व लोएव्ह यांची मांडणी अधिक व्यापक आणि गणिती दृष्ट्या अधिक काटेकोर होती. शिवाय खुद्द कोसंबींनी या विषयाचा पुढे पाठपुरावा केला नाही. त्यांच्यापाशी हे सूत्र पुढे नेणारी संशोधक विद्यार्थ्यांची परंपरा नव्हती, आणि ते स्वतः लवकरच आनुवंशिकी, संस्कृत हस्तलिखिते व इतिहास यांकडे वळले. विविध विषयांत एकाच वेळी काम करण्याचा जो स्वभाव हार्वर्डमध्ये दिसला होता, त्यानेच त्यांची कीर्ती अनेक क्षेत्रांत पसरवली आणि एका क्षेत्रातील त्यांचे हक्काचे स्थान दीर्घकाळ झाकून ठेवले.

आनुवंशिकीतील सूत्र

इ.स. १९४४ मध्ये कोसंबींनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. दोन जनुके गुणसूत्रावर जितकी दूर, तितकी ती पुढील पिढीत एकमेकांपासून वेगळी होण्याची शक्यता जास्त. परंतु हे प्रमाण अंतराच्या सरळ पटीत वाढत नाही. जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या इ.स. १९१९ च्या सूत्रात असे गृहीत होते की गुणसूत्राच्या एका ठिकाणी झालेल्या अदलाबदलीचा शेजारच्या ठिकाणी काही परिणाम होत नाही. प्रत्यक्षात तसा परिणाम होतो, आणि कोसंबींच्या सूत्रात तो लक्षात घेतला आहे. हे सूत्र कोसंबी नकाशा फलन या नावाने आजही पिकांच्या व प्राण्यांच्या जनुकीय नकाशांसाठी वापरले जाते. या सूत्राला त्यांचे नाव पहिल्यापासून चिकटून राहिले.

टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि संगणनयंत्रांचा अभ्यास

होमी भाभा यांनी इ.स. १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले, आणि इ.स. १९४६ मध्ये ते मुंबईला रुजू झाले. इ.स. १९४७ मध्ये त्यांना भाभा पारितोषिक मिळाले.

वर सांगितलेले प्रमेय कागदावर सिद्ध करणे वेगळे आणि प्रत्यक्ष नोंदींवरून त्या मूलभूत आकृत्या काढणे वेगळे. त्यासाठी मोठमोठ्या कोष्टकांची समीकरणे सोडवावी लागतात. हाताने किंवा दांडा फिरवून चालणाऱ्या गणनयंत्राने ते काम जवळजवळ अशक्य होते. म्हणून प्रमेयाचा खरा उपयोग इलेक्ट्रॉनिक संगणक आल्यावरच सुरू झाला. अशा यंत्रांचा उदय होत असताना, इ.स. १९४८–४९ मध्ये, कोसंबी युनेस्कोची अभ्यासवृत्ती घेऊन इंग्लंड व अमेरिकेस गेले. विषय होता इलेक्ट्रॉनिक संगणनयंत्रांची तात्त्विक व तांत्रिक अंगे. त्याच सुमारास मँचेस्टर व केंब्रिज येथे स्मृतीत आज्ञावली साठवणारे पहिले संगणक चालू झाले होते आणि प्रिन्स्टनमध्ये जॉन फॉन नॉयमन यांच्या मार्गदर्शनाखाली नवे यंत्र बांधले जात होते. याच दौऱ्यात कोसंबींनी इ.स. १९४९ मध्ये शिकागो विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून भूमिती शिकवली आणि प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत काही काळ घालवला.

भारतात परतल्यावर मात्र त्यांनी संगणक बांधणीच्या कामात भाग घेतला नाही. टाटा संस्थेतील टिफ्रॅक हा संगणक इ.स. १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने घडवला.

मुंबईत नोकरी असली तरी कोसंबींनी पुण्यातील घर सोडले नाही. ते डेक्कन क्वीनने पुणे–मुंबई असा रोजचा प्रवास करत. सकाळी खडकीवरून जाणारी ही गाडी त्यांच्यासाठी वाचन-लेखनाची जागाच झाली होती. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचा मावळ, घाट आणि लेण्यांचे डोंगर यांचाही त्यांनी सुटीच्या दिवसांत पायी फिरून अभ्यास केला.

इतिहास व संस्कृत विषयक कार्य

नाण्यांच्या अभ्यासातून कोसंबी इतिहासाकडे वळले आणि नाणी पाडणाऱ्या समाजाचा शोध घेण्यासाठी संस्कृत साहित्याकडे. त्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती तयार केली, ती इ.स. १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. वि. वि. गोखले यांच्यासमवेत त्यांनी विद्याकराचा सुभाषितरत्नकोश संपादित केला. तो इ.स. १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला.

इ.स. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. राजांच्या सनावळ्यांऐवजी उत्पादनाची साधने व समाजातील संबंध यांत होणारे बदल, हा इतिहासाचा गाभा मानून त्यांनी मांडणी केली. मिथक व वास्तव यांवरील निबंधसंग्रह इ.स. १९६२ मध्ये आणि प्राचीन भारताच्या संस्कृतीची रूपरेषा इ.स. १९६५ मध्ये आली. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर त्यांनी गोळा केलेली सूक्ष्म अश्मास्त्रे, खेड्यांच्या वेशीवरील देवी व वेताळाची ठाणी, जुन्या व्यापारी वाटा आणि त्या वाटांवरील बौद्ध लेणी यांची सांगड घालून त्यांनी ग्रामीण महाराष्ट्राच्या भूतकाळाचा अर्थ लावला. जिवंत रूढींमध्ये प्राचीन समाजाचे अवशेष शोधण्याची त्यांची पद्धत पुढील अभ्यासकांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. त्यांच्या काही निष्कर्षांवर नंतरच्या संशोधकांनी आक्षेपही घेतले आहेत.

मतभेद व अखेरची वर्षे

कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुऊर्जेऐवजी सौर ऊर्जेवर भर द्यावा, असे मत ते जाहीरपणे मांडत. अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख असलेल्या भाभांच्या धोरणाच्या ते विरुद्ध होते. इ.स. १९५९ मध्ये त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात, संभाव्यतेच्या पद्धतीने रीमान गृहीतकाकडे जाणारा निबंध प्रसिद्ध केला. मूळ संख्यांच्या वितरणाशी निगडित असलेले हे गृहीतक गणितातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक मानले जाते. कोसंबींची सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही आणि त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला धक्का बसला. इ.स. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या नियुक्तीची मुदत वाढवली नाही.

त्यानंतरही त्यांनी मूळ संख्या व संभाव्यता यांवरील काम थांबवले नाही. या काळातील काही निबंध त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले. इ.स. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणून नेमले. त्यासाठी त्यांनी पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था निवडली; आज ती आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. २९ जून १९६६ रोजी पहाटे, झोपेतच हृदयविकाराने, पुण्यातील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते.

प्रमेयाचा उत्तरकाळ

कोसंबींच्या हयातीत त्यांच्या प्रमेयाचा व्यवहारातील उपयोग नुकताच सुरू झाला होता. इ.स. १९६७ मध्ये जॉन लम्ली यांनी खळबळणाऱ्या प्रवाहातील मोठी आवर्तने वेगळी काढण्यासाठी हीच पद्धत सुचवली. इ.स. १९७४ मध्ये नसीर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी मांडलेले असंतत कोसाइन रूपांतर हे एका सामान्य प्रकारच्या संदेशांसाठी या प्रमेयातील आकृत्यांच्या अगदी जवळ जाते आणि त्याची आकडेमोड पुष्कळ कमी असते. जेपेग स्वरूपातील छायाचित्रांचे आकारमान लहान करण्यासाठी तेच वापरले जाते. चेहरे ओळखण्याच्या प्रारंभीच्या संगणकीय पद्धतीही याच तत्त्वावर उभ्या होत्या.

बिनतारी संदेशवहनात या प्रमेयाचा उपयोग मुख्यतः तीन ठिकाणी होतो: गोंगाटातून दुबळा संदेश ओळखणे, प्रक्षेपक व ग्राहक यांच्यामधील बदलत्या मार्गाचा अंदाज घेणे, आणि अनेक अँटेना असलेल्या यंत्रणेत संदेशाची विभागणी करणे. मोबाइल फोनवर येणाऱ्या लहरी इमारती व वाहनांवरून परावर्तित होऊन अनेक वाटांनी येतात. वाटा आयनांबरातून जाणाऱ्या नसल्या तरी तीव्रतेच्या चढउताराचा गणिती प्रश्न खडकीच्या जुन्या बीम केंद्राच्या काळातलाच आहे.

सन्मान व स्मृती

विद्यापीठ अनुदान आयोगाने इ.स. १९८० मध्ये कोसंबींना मरणोत्तर हरी ओम आश्रम पुरस्कार दिला. जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने ३१ जुलै २००८ रोजी त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. गोवा शासनातर्फे त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरवला जातो. त्यांचे गणिती निबंध अनेक वर्षे जुन्या नियतकालिकांत विखुरलेले होते. जन्मशताब्दीनंतर ते संकलित स्वरूपात उपलब्ध झाले, आणि इ.स. १९४३ च्या निबंधाचे अग्रक्रमाचे स्थान गणित व अभियांत्रिकीच्या अभ्यासकांना नव्याने तपासता आले.